नाक्यावरचे फील्डवर्क : कामगार संघटनेत प्रशिक्षणार्थी म्हणून काढलेले वर्ष

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे आपण सगळे ज्याला फील्डवर्क म्हणतो त्यासाठी, मला बांधकाम कामगारांची एक नोंदणीकृत संघटना मिळाली. आठवड्यातून दोन दिवस तिथे जायचे आणि केलेल्या कामाचा अहवाल पर्यवेक्षक प्राध्यापकांना द्यायचा, एवढेच तेव्हा ठाऊक होते. मोर्चे आणि निदर्शने जवळून पाहायला मिळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिले तीन महिने मी कल्याणकारी मंडळाकडे कामगारांची नोंदणी करण्याचे अर्ज भरले. यंदा ज्यांना कामगार संघटना मिळाली आहे त्यांच्याही वाट्याला बहुधा हेच येईल, म्हणून आधी या अर्जांविषयीच लिहिते.

बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर घ्यावा आणि त्यातून कल्याणकारी मंडळाने नोंदीत कामगारांना लाभ द्यावेत, अशी ती योजना होती. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, या मुख्य अटी. कागदावर त्या वाजवीच वाटतात. परंतु नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला आज एक ठेकेदार नेतो, उद्या दुसरा नेतो आणि परवा कोणीच नेत नाही. नव्वद दिवसांत त्याचे वीस मालक होतात आणि त्यांतला एकही सही करायला राजी नसतो, कारण सही केली की हा माणूस आपल्याकडे कामाला होता हे लेखी कबूल केल्यासारखे होते. सही मागायला जाताना ही भीती मला कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या नकारांना मी नुसता माणसांचा आडमुठेपणा समजत राहिले.

हळूहळू माझा हात बसला. टेबलासमोरची रांग लांबली आणि संघटना वाढते आहे असे मला वाटू लागले. एका संध्याकाळी मी मोठ्या अभिमानाने शंभरावा अर्ज भरल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या ताईंनी विचारले, "या शंभरातले मासिक बैठकीला किती आले?" नऊ आले होते. "आणि रांगेत मागेपुढे उभ्या असलेल्यांना एकमेकांची नावे तरी माहीत आहेत का?" याचे उत्तर मला देता आले नाही. लोक माझ्याकडे यायचे ते "मॅडम, माझे काम झाले का?" एवढे विचारायला. वर्गणीची पावतीही त्यांना माझ्या कामाची फी वाटत असे. सेतू केंद्राबाहेर बसणाऱ्या एजंटापेक्षा मी स्वस्त होते, इतकाच काय तो फरक.

याचा अर्थ कार्डे आणि दाखले फिजूल असतात असा मुळीच नाही. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिची मुळे एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामात होती, हे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बाईकडे चोर म्हणून पाहिले जात असताना महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र तिच्या हाती येणे ही साधी गोष्ट नव्हती. ते कार्ड एकेकीने खिडकीवर जाऊन आणलेले नव्हते, सगळ्यांनी मिळून मागून घेतलेले होते, आणि माझ्या रांगेत नेमके हेच घडत नव्हते.

डिसेंबरमध्ये एका ठेकेदाराने सात जणांची अकरा दिवसांची मजुरी थकवली. मी लगेच सहायक कामगार आयुक्तांच्या नावे तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. ताईंनी तो बाजूला ठेवायला लावला आणि आधी सातही जणांना एकत्र बसवायला सांगितले. मुकादमाच्या वहीत नऊच दिवस लागले होते. वाद चालू असताना त्यांच्यातल्या एक मावशी उठून घरी गेल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यासकट काढून घेऊन आल्या. पूर्ण दिवस भरला की त्या तारखेभोवती गोल, अर्धा दिवस असेल तर अर्धगोल आणि खाडा पडला तर काही नाही, अशी त्यांची हजेरी काजळाच्या पेन्सिलीने लिहिलेली होती. बाकीच्यांनी तिच्यावरून आपापले दिवस जुळवले. सातही जण ती दिनदर्शिका घेऊन ठेकेदाराकडे गेले. मी मागे उभी होते आणि मला बोलायची परवानगी नव्हती. दहा दिवसांचे पैसे दोन हप्त्यांत मिळाले, एका दिवसाचा वाद तसाच राहिला. त्या आधी मी ६२ प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, पण हजेरीची नोंद तुम्ही कशी ठेवता हा प्रश्न त्यांत नव्हता.

प्रश्नावलीवरून आठवले : सकाळी नऊच्या आधी नाक्यावर कोणालाही काही विचारू नये. तो दिवसाचे काम मिळण्याचा वेळ असतो आणि माझ्याशी बोलताना एका रंगाऱ्याची गाडी चुकली होती. साडेनऊनंतर ज्यांना काम मिळाले नाही ते उरतात आणि खरे बोलणे तेव्हाच होते. अहवालात कामगारांची खरी नावे लिहू नयेत, कारण महाविद्यालयातील फाइल कोणाच्या हाती जाईल हे आपल्या ताब्यात नसते. बायका बैठकीला येत नाहीत असे लिहिण्यापूर्वी बैठकीची वेळ पाहावी. आमची संध्याकाळी सातला असे.

कायद्याचे वाचन टाळता येत नाही आणि आता ते दुप्पट झाले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहितांनी केंद्राच्या २९ कायद्यांची जागा घेतली. १९२६ चा कामगार संघटना कायदा आणि वर सांगितलेला १९९६ चा कायदाही त्यांतच गेला. माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा मात्र राज्याचा असल्याने त्या २९ मध्ये नाही. १९२६ च्या जुन्या कायद्यातील एक तरतूद मला फार उशिरा कळली : असंघटित क्षेत्रातील संघटनेचे किमान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या कामातले असावे लागत. आपल्यासारख्या बाहेरच्यांचे बस्तान किती लवकर बसते, हे तो कायदा करणाऱ्यांना माहीत असावे.

निरोपाची तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू करावी. मी दोनच आठवडे आधी केली आणि त्यात एक चूक उघडकीस आली. ज्या कामगारांकडे फोन नव्हता त्यांच्या ऑनलाइन अर्जात मी सोयीसाठी माझाच मोबाइल क्रमांक टाकला होता. काहींचे क्रमांक बदलून झाले, काहींचे राहिले. आजही एखाद्या दुपारी कोणाच्या तरी नूतनीकरणाचा ओटीपी माझ्या फोनवर येतो आणि त्याची मुदत संपण्याआधी मी तो घाईघाईने संघटनेच्या कार्यालयात कळवते.