टीम सारखी हरतेय? मुंबईत बसून सीझन कसा काढायचा

पहिलं म्हणजे झोप वाचवा. NFL च्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, तिथल्या ईस्टर्न टाइमनुसार रविवार दुपारच्या १ च्या मॅचेस आपल्याकडे रात्री १०:३० ला लागतात, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की ११:३० ला, आणि सोमवारी सकाळी ८ ची लोकल तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे हाफटाइमला २०-२५ पॉइंट्सनी मागे असाल तर सरळ टीव्ही बंद करा, हायलाइट्स दादर येईपर्यंत बघून होतात.

मग स्टँडिंग्ज उलटी वाचायला शिका. ३२ टीम्समधल्या सगळ्यात वाईट रेकॉर्डवाल्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधले नवे खेळाडू टीम्स आळीपाळीने निवडतात तो) पहिला पिक, म्हणजे सगळ्यात आधी निवडायचा हक्क, मिळतो, म्हणून डिसेंबरात एखादी फालतू मॅच जिंकली की उलट डोक्याला हात लावावा लागतो (घरच्यांना समजावायच्या भानगडीत पडू नका, आईला अजून हे रग्बीच वाटतं). डेट्रॉइट लायन्स २००८ ला ०-१६ होते (एकही विजय नाही, १६ पराभव), २००९ ला पहिल्या पिकवर क्वार्टरबॅक (टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड मिळाला, तरी लगेच काही जादू झाली नाही हां.

क्लीव्हलँड ब्राउन्सच्या फॅन्सनी तर २०१७ च्या ०-१६ नंतर गारठ्यात चक्क मिरवणूक काढली होती, 'परफेक्ट सीझन' म्हणून! एवढं जमलं की जर्सी घालून खाली वडापाव आणायला जा, कोणी ओळखत नाही.