पाहुण्याची गोष्ट फोनवर ऐकू नका

परभणीत नोकरी सांभाळून मी गेली तीन वर्षे कलावंतांच्या निर्मितीप्रक्रियेवर एक ऑनलाइन कार्यक्रम करतो आहे. कॅमेरा कोणता घ्यावा आणि संपादन कशावर करावे हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना बहुधा माहीत असते. ज्या एका चुकीने माझे पहिले सहा भाग निर्जीव झाले, तिच्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ती चूक तयारीच्या रूपाने येते आणि म्हणून चूक वाटतच नाही.

पैठणला पैठणी विणणाऱ्या एका मावशींची मुलाखत ठरली होती. आदल्या रात्री मी त्यांच्याशी पाऊण तास फोनवर बोललो. पदरावरच्या मोराच्या मानेत एक धागा चुकला होता, चार बोटे विणकाम पुढे गेल्यावर तो त्यांच्या लक्षात आला, आणि दोन दिवसांचे काम त्यांनी धागा धागा करून उकलले. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. दुसऱ्या दिवशी मागापाशी दिवे लावून मी तेच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काल सांगितलं की भाऊ तुम्हाला. चुकलं व्हतं, मग उकललं." एवढेच.

त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. ऐकणाऱ्याला ठाऊक नसते म्हणून माणूस गोष्ट रंगवून सांगतो. ज्याला ती ठाऊक आहे त्याला तो केवळ आठवण करून देतो. शिवाय शेवट माहीत असल्यामुळे माझीही मान आधीच डोलत होती. चूक दिसली ती कोणत्या वेळी, घरात कोणाला सांगितली, पहिला धागा ओढताना हात थांबला का, हे मी विचारलेच नाही, कारण त्याची उत्तरे मी रात्रीच ऐकली होती आणि प्रेक्षकांनी ती ऐकलेली नाहीत याचे भान मला उरले नव्हते.

म्हणून फोनवर फक्त दिवस, लाइट जाण्याची वेळ आणि शेजारी पिठाची गिरणी आहे का, एवढेच विचारा. पाहुणा सांगू लागला तर "हे मला तुमच्यासमोर बसून ऐकायचे आहे" म्हणून त्याला थांबवा; ते थोडे उद्धट वाटेल, वाटू द्या. परवानगी घेऊन उंबरठ्यापासूनच ध्वनिमुद्रण सुरू करा. "अभिव्यक्ती म्हणजे तुमच्यासाठी काय?" असे विचारलेत तर भाषण मिळेल. "आज सकाळी पहिल्यांदा हात कशाला लावला?" असे विचारा.

लवकर प्रसिद्धी मिळवून देण्याच्या शिबिरांवर पैसे घालवू नका, हे मी स्पष्टच सांगतो. मी घालवले, आणि त्या मार्गदर्शकांनी एकदाही माझा एक भाग पूर्ण पाहिला नाही. त्याऐवजी नारदीय कीर्तनाला जाऊन बसा. पूर्वरंगात मांडलेला विचार उत्तररंगातल्या आख्यानात कसा उतरतो, हे पाहिले की भागाची रचना आपोआप उमगते.

आवाजाबद्दल एकच सांगतो: कॉलरचा माइक घ्या, खोलीत वाकळ टांगा, पंखा बंद ठेवा आणि फोनमधली आवाज गाळण्याची सोय बंद करा. ती सोय बोलण्याखेरीज बाकी सगळे गोंगाट समजते आणि मागाची खटखटही पुसून टाकते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात सकाळी दहाच्या आत काम उरका.

पैशाचे म्हणाल तर युट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे लागते. (शॉर्ट्ससाठी वेगळी अट आहे.) आपल्या विषयाला तिथे पोचायला वेळ लागतो. घाबरू नका, मलाही लागला, आणि त्या काळात केलेले काम वाया गेले नाही.

सहा महिन्यांनी मी पुन्हा पैठणला गेलो, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला सोबत नेले. तिला त्या मोराची गोष्ट ठाऊक नव्हती. पदर उलटून पाहत तिने विचारले, "मावशी, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच कशी?" मावशींनी हातातली रंगीत रेशमाची कांडी खाली ठेवली. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांत कसे अडकवतात हे त्यांनी तिच्या बोटांनी करवून घेतले, आणि त्या ओघातच त्या म्हणाल्या, "इथंच चुकले व्हते बघ मी." पुढची अकरा मिनिटे मी एकही प्रश्न विचारला नाही.