बुद्धिबळ इंजिनातली कॉपी पकडताय? या चुका टाळा

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एक्स्टर्नल म्हणून गेलं की बुद्धिबळ खेळणारा एखादा प्रोग्रॅम समोर येतोच. कॉपी करणाऱ्या मुलांपेक्षा कॉपी पकडणाऱ्यांच्या घाईची मला जास्त काळजी वाटते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टक्का बघून निकाल देणं. कोथरूडच्या एका कॉलेजात दोन मुलांचा कोड 'मॉस'मध्ये, म्हणजे दोन कोडमधलं साम्य शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, निम्म्याहून जास्त जुळला. गाइड म्हणाले, "सर, दोघांनाही नापास करा." मी जुळलेल्या ओळी वाचायला बसलो. घोडा कुठल्या घरात किती मोलाचा, ते इंजिनाला सांगणारा तक्ता सारखा होता: कोपऱ्यात -५०, मधल्या घरांत २०. हा प्रोग्रॅमर टोमाश मिख्निएव्स्की यांचा तक्ता, चेस प्रोग्रॅमिंग विकीवरून अर्धं जग उचलतं. पर्फ्टचे, म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत चालींचे किती क्रम निघतात ते मोजणाऱ्या चाचणीचे, आकडेही सारखे होते. अहो, सुरुवातीच्या स्थितीतून चार प्लायला (दोन्ही बाजूंच्या मिळून चार चालींना) १,९७,२८१ हाच आकडा यायला हवा, नाही आला तर मूव्ह जनरेटर, म्हणजे चाली काढणारा भाग, चुकलाय. असा सार्वजनिक माल मॉसला बेस फाइल म्हणून आधीच द्या, म्हणजे तो जुळणीतून वगळला जातो. इथे तो वगळल्यावर टक्का धाडकन खाली आला.

पण एक ओळ उरली. मूळ तक्त्यात सहाव्या पट्टीवर १५, १५ असे शेजारी शेजारी आकडे आहेत. दोघांकडेही दुसरा १५ उलटा होऊन ५१ झाला होता, त्यामुळे दोन्ही इंजिनांचा घोडा ई६ या घराकडे धाव घ्यायचा. व्हायवात दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, घोडा तिथे का जातो? पहिल्याने तक्ता उघडला, "अरेच्चा, टायपो!" म्हणाला आणि गिटमधला कमिट, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाची नोंद, काढून दाखवला. दुसरा मला केंद्रातल्या घरांचं महत्त्व समजावत बसला.

म्हणून मी बरोबर कोडकडे आधी बघतच नाही. चुका, निरुपयोगी ओळी, कारण नसलेले आकडे, आधी हे शोधतो. रिब्का या इंजिनावर फ्रूट या दुसऱ्या इंजिनाचा कोड उचलल्याचा आरोप झाला, त्या प्रकरणातही असाच एक धागा होता. फ्रूट २.१चा सोर्स २००५ पासून खुला होता. त्यात वेळेचा हिशोब दशांशात आहे, तर रिब्का पूर्णांकात हिशोब करत असूनही तिच्यात एका ठिकाणी ०.० शी तुलना सापडली. असे बरेच पुरावे मांडल्यावर आयसीजीएने (इंजिनांची जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने) २०११ मध्ये तिची २००७ ते २०१० ची जगज्जेतेपदं काढून घेतली. त्या निकालावर पुढे बराच वाद झाला, पण निकाल नुसता जुळणीचा टक्का बघून दिलेला नव्हता.

दोन इंजिनं सारख्या चाली खेळतात, हा पुरावा नव्हे. चांगली चाल बहुतेकांना सापडतेच. त्यावरून कुठे खोदायचं तेवढं ठरवा.

व्हेरिएबलची नावं बदलली म्हणजे कोड वेगळा झाला, असं समजू नका. मॉस नावं बघतच नाही.

अल्फा-बीटा, नल मूव्ह या चाली शोधण्याचं काम कमी करणाऱ्या कल्पना सगळ्यांच्या आहेत. त्या वापरल्या म्हणून कुणाला चोर ठरवू नका.

आणि परवान्याची फाइल आधी वाचा. स्टॉकफिश हे खुलं इंजिन जीपीएल या परवान्याखाली आहे, म्हणजे कोड वापरता येतो, पण अटी पाळून. मुलाने नाव देऊन, परवाना पाळून त्यावर काम केलं असेल तर ती चोरी नाही. मग स्वतःची भर किती, तेवढेच गुण द्या. हाच परवाना न पाळल्याच्या आरोपावरून स्टॉकफिशवाल्यांनी २०२१ मध्ये चेसबेस या बुद्धिबळ सॉफ्टवेअर कंपनीला जर्मनीत कोर्टात खेचलं होतं. २०२२ मध्ये तडजोड झाली.