रेडी बायोडिग्रेडेबिलिटी टेस्ट लावताय? या चुका टाळा

ओईसीडी ३०१, म्हणजे केमिकल जंतूंनी सहज मोडतं का हे तपासायची आंतरराष्ट्रीय टेस्ट-पद्धत, वाचायला एकदम सोपी वाटते. क्षारांचं पाणी, थोडासा स्लज (सांडपाण्याच्या प्लांटमधला जंतूंनी भरलेला गाळ), आपलं केमिकल, अंधार, २२ डिग्री आणि २८ दिवस. तरी दर नवीन माणूस त्याच त्याच खड्ड्यात पडतो, आणि निस्तरायला आम्ही.

माझी सगळ्यात 'लाडकी' चूक म्हणजे डीओसी उतरलं की केमिकल मोडलं असं धरून चालणं. अरे बाबांनो, डीओसी म्हणजे विरघळलेला सेंद्रिय कार्बन, तो पाण्यातून गेला एवढंच कळतं, कुठे गेला ते नाही! आमच्याकडे एक मुलगा होता, हुशार पण घाई भयंकर. कॅटायनिक सर्फॅक्टंट (धन भाराचं, साबणासारखं केमिकल) घेतला, ३०१ए ला (डीओसी मोजायच्या प्रकाराला) लावला, आणि दुसऱ्याच दिवशी उड्या मारत आला, सर ८५ टक्के गेलं. पासची लाइन ७० ची, म्हणजे काम फत्ते, रिपोर्टचं पहिलं पान टाइप करून तयारसुद्धा. मी विचारलं, झिरोचं (सुरुवातीचं) सँपल कधी काढलंस? तर म्हणे स्लज टाकायच्या आधी. मग मर्क्युरिक क्लोराइडने मारलेल्या स्लजची एक बाटली लावायला सांगितली. तीन तासांत तिथेही डीओसी तेवढंच खाली. मेलेला स्लज काय खाणार? केमिकल सगळं स्लजच्या कणांना चिकटून बसलं होतं, आणि आपण गाळून फक्त पाणी मोजत होतो. नंतर तेच ३०१बी ला लावलं, सीओटू मोजला, तर २८ दिवसांत जेमतेम १२ टक्के. आणि तो आकडाही धड नव्हता, कारण टॉक्सिसिटी कंट्रोल (आपलं केमिकल आणि सहज मोडणारं केमिकल एकत्र टाकलेली बाटली) १४ दिवसांत २५ टक्क्यांच्या वर गेलाच नाही, म्हणजे केमिकल जंतूंनाच मारत होतं, डोस कमी करून सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून स्लज टाकल्यावर तीन तासांनी एक सँपल काढल्याशिवाय मी घरी जात नाही, आणि चिकटणारा माल असेल तर डीओसीच्या वाटेलाच जात नाही.

दुसरं, स्लज कुठून आणला. घरगुती सांडपाण्याच्या प्लांटचाच हवा. जिथे ते केमिकल बनतं त्याच कारखान्याच्या ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून) बादली भरून आणणारे महाभाग मी पाहिलेत, का तर जवळ पडतं. तिथले जंतू वर्षानुवर्षं तेच खाऊन तयार झालेले, ते पास होणारच. स्लज आणून टेस्टच्या तापमानाला ५ ते ७ दिवस नुसती हवा देत ठेवायला परवानगी आहे, ब्लँकही (केमिकल न टाकलेली बाटली) शांत होतो. पण त्यात आपलं केमिकल थेंबभरही टाकायचं नाही.

नायट्रोजनवाल्या केमिकलला थिऑरेटिकल ऑक्सिजन डिमांड (ते पूर्ण मोडायला लागणारा ऑक्सिजन) नीट काढा. साधं अॅनिलिन घ्या. नायट्रोजन अमोनियावर थांबला तर १ मिग्रॅला २.४१ मिग्रॅ ऑक्सिजन, नायट्रेटपर्यंत गेला तर ३.०९. समजा १.७ मिग्रॅ खाल्ला, तर पहिल्या हिशोबाने ७० टक्के, दुसऱ्याने ५५. ऑक्सिजन मोजताना पासची लाइन ६० ची, म्हणजे एकच बाटली पासही आणि नापासही! मी शेवटी नायट्राइट-नायट्रेट मोजतोच, अंदाजाने सोयीचा आकडा उचलणाऱ्यांचा मला राग येतो.

बाकीचे घोळ पटापट:

क्लोज्ड बॉटलमध्ये (बंद बाटलीतला ऑक्सिजन मोजायच्या प्रकारात) झाकणाखाली बुडबुडा राहिला तर ती बाटली गेली, वाद घालू नका.

सोडियम बेंझोएट (तुलनेसाठी लावलेलं, सहज मोडणारं केमिकल) १४ दिवसांत पास नाही झालं तर स्लज मेलेला आहे, "अजून चार दिवस बघू" नाही.

ब्लँक एकच लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

३०१बी मध्ये २८ व्या दिवशी अॅसिड टाकून रात्रभर हवा द्या, पाण्यात अडकलेला सीओटू त्याशिवाय ट्रॅपमध्ये (सीओटू पकडणाऱ्या बाटलीत) येत नाही. दोन-चार टक्क्यांनी नापास झालेल्यांनी आधी हेच तपासावं.

आणि दहा दिवसांची विंडो, म्हणजे पासच्या लाइनपर्यंत पोचायची मुदत. ती पहिल्या दिवसापासून नाही, १० टक्के गाठल्यापासून मोजतात. चौथ्या दिवशी ६ टक्के, मग सुट्ट्या, मग अकराव्या दिवशी एकदम ३८, आता १० टक्के नक्की कधी झाले सांगा बघू? सुरुवातीचे दहा दिवस मी दिवसाआड रीडिंग घेतो, रविवार असला तरी.