नाताळची रोपे आणि फुले: निवड, निगा आणि पुढच्या वर्षीचा बहर

ऐन हिवाळ्यात, बहुतेक झाडे पाने गाळून उभी असताना, जे हिरवे राहिले असेल ते घरात आणून दारे-खिडक्या सजवण्याची रीत युरोपात ख्रिस्ती धर्माच्याही आधीपासून होती. पुढे नाताळने ती आपलीशी केली आणि हॉली या सदाहरित झाडाच्या काटेरी पानांत ख्रिस्ताचा काट्यांचा मुकुट, तर तिच्या लाल फळांत त्याचे रक्त पाहिले जाऊ लागले. आज मात्र नाताळ म्हटले की सर्वांत आधी आठवतो तो पॉइन्सेटिया. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तिथे त्याला ‘फ्लोर दे नोचेबुएना’, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे फूल, म्हणतात. पॉइन्सेटिया हे नाव त्याला जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट या अमेरिकी मुत्सद्द्यावरून मिळाले. मेक्सिकोत अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून असताना त्यांनी १८२०च्या दशकात ही रोपे अमेरिकेत पाठवली होती.

पॉइन्सेटिया विकत घेताना लाल रंगाला भुलू नये, कारण तो लाल भाग फूल नसून रंग बदललेली पाने आहेत. खरी फुले म्हणजे अगदी मधोमध असलेले हिरवट-पिवळे मण्यांसारखे बारीक गुच्छ. ते जवळून पाहावेत. मणी मिटलेले व घट्ट असतील तर रोप ताजे आहे आणि सण संपेपर्यंत टिकेल. त्यांतून पिवळे पराग सांडत असतील किंवा मणी गळून गेले असतील, तर रंगीत पानेही लवकरच गळू लागतील. थंडीत रोप घरी नेताना ते कागदात पूर्ण गुंडाळून घ्यावे, कारण दहा अंशांखालचे तापमान थोडा वेळ लागले तरी त्याला बाधते. घरात त्याला भरपूर उजेडाची, पण गार वारा आणि हीटर या दोन्हींपासून दूर असलेली जागा द्यावी. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी घालावे. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद दिसायला छान असला, तरी त्यात पाणी साचून मुळे कुजतात. रोप दगावण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, म्हणून त्या कागदाला तळाशी भोके पाडावीत.

बाकीच्या फुलांचा हिशेब पंचवीस डिसेंबरपासून मागे मोजत करावा. अमॅरिलिसचा कंद लावल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फुलतो, म्हणून तो नोव्हेंबरच्या आरंभी, वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवून लावावा. ख्रिसमस कॅक्टसला कळ्या धरल्यावर त्याची जागा बदलू नये, नाहीतर कळ्या गळतात. मला सर्वांत आवडणारी प्रथा जर्मनी आणि ऑस्ट्रियातली आहे: चार डिसेंबरला, संत बार्बरेच्या दिवशी, चेरीची निष्पर्ण फांदी कापून घरात पाण्यात ठेवतात आणि ती नाताळला फुलते. त्यासाठी फांदीने आधी कडाक्याची थंडी सोसलेली असावी लागते. फांदी तिरकी कापून रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवावी, मग फुलदाणीत उभी करावी आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे.

कापलेल्या नाताळच्या झाडाचे बूड घरी आणल्यावर पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर कापावे, कारण जुन्या कापावर राळ सुकलेली असते आणि ती पाणी वर चढू देत नाही. त्यानंतर पाण्याची पातळी त्या कापाच्या खाली एकदाही जाऊ देऊ नये. सुकलेले झाड आणि अ‍ॅडव्हेंट रीथ, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत मेणबत्त्या लावून ठेवतात ते हिरवे चक्र, क्षणात पेट घेतात. योहान हिनरिख विखेर्न या जर्मन धर्मोपदेशकांनी १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून या चक्राची सुरुवात केली. ती ज्योत आजही कोणीतरी समोर असतानाच पेटवावी. हॉली आणि मिसलटो (दुसऱ्या झाडांवर वाढणारे सदाहरित बांडगूळ) यांची फळे विषारी असल्याने ती लहान मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत इतक्या उंचावर बांधावीत. पॉइन्सेटियाचा चीक त्वचेला खाज आणतो, पण लोक मानतात तसा तो जीवघेणा नाही.

सहा जानेवारीच्या सुमारास हिरवी सजावट उतरवली, तरी पॉइन्सेटिया टाकून देऊ नये. वसंतात त्याची वीतभर उंची ठेवून छाटणी करावी, उन्हाळाभर वाढू द्यावे आणि ऑक्टोबरच्या आरंभापासून रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत सलग चौदा तास पूर्ण अंधारात, खोक्याखाली किंवा कपाटात ठेवावे. दिवसा मात्र त्याला उजेड हवाच. हा क्रम आठ ते दहा आठवडे चालतो. माझे पहिले रोप अंधाराच्या वेळी खोलीतला दिवा लागत राहिल्यामुळे हिरवेच राहिले होते. दुसऱ्या वर्षी एकही रात्र चुकवली नाही, आणि नोव्हेंबरच्या एका सकाळी खोके उचलले तेव्हा शेंड्याच्या पानांच्या शिरा देठाकडून तांबूस झालेल्या होत्या.