डेझर्ट सफारीला जाताय? पुढची सीट कोणाची ते आधी ठरवा

दुबईला मित्रासोबत गेलात की डेझर्ट सफारी होतेच, पण बुकिंगच्या आधी दोघांनी बसून एकदा बोलून घ्या कोणाला नक्की काय हवंय ते. आम्ही बोललो नाही. मला वाळूत उड्या मारणारी गाडी हवी होती, त्याला सूर्यास्ताचे फोटो, आणि त्याला गाडी लागते हे मला पहिलं टेकाड उतरल्यावर कळलं.

शेअरिंग गाडी स्वस्त पडते पण ती चार हॉटेलं फिरून माणसं गोळा करते आणि त्यात अख्खी दुपार जाते. तरी दोघंच असाल तर शेअरिंगच घ्या, फक्त विचारून घ्या की ड्यून बॅशिंग (गाडीने वाळूच्या टेकाडांवरून वर-खाली आपटत जाणं) नक्की किती मिनिटं, क्वाड बाईक (वाळूत चालवायची चारचाकी बाईक) पॅकेजमध्ये आहे की तिथं गेल्यावर वेगळे पैसे, व्हेज जेवण आहे का. उंटाची सवारी बहुतेक ठिकाणी एक छोटा राउंड असते, त्यावरून भांडू नका. आणि रमजानमध्ये जात असाल तर जेवणाच्या कॅम्पातला नाच-गाण्याचा भाग बंद असू शकतो, तेही आधीच विचारा.

लाल वाळू हवी असेल तर हत्ता रोडवरचं लाहबाब, वाळूच्या कणांवर लोहाचा गंजासारखा थर असतो म्हणून तो रंग, आणि ऊन कलल्यावर तो आणखी गडद दिसतो. पण दोघांपैकी एकाला जरी गाडी लागत असेल तर दुबई डेझर्ट कॉन्झर्व्हेशन रिझर्व्हचा विचार करा, सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं राखीव वाळवंट आहे, तिथं ओरिक्स (लांब शिंगांचं हरणासारखं जनावर) दिसतात, घाफची झाडं दिसतात (घाफ म्हणजे आपली शमीच, तिथलं राष्ट्रीय झाड आहे) आणि तिथल्या टूरचा भर आपटाआपटीपेक्षा प्राणी बघण्यावर असतो. आम्ही अर्थातच लाहबाबला गेलो.

महिना नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, उगाच हौस करू नका. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि मग थंडी वाजायला लागते, जॅकेट घ्याच.

आता गाडीचं. वाळू सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर थांबतो आणि टायरमधली हवा सोडतो, फुस्स्स, एरवी तीस-पस्तीस पीएसआय असते ती पंधराच्या आसपास आणतो, त्यामुळे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. ही दहा मिनिटं तुमची, पाणी प्या, फोन झिपच्या खिशात टाका, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर चष्मा लावा. उलटीची गोळी मात्र इथं घेऊन उपयोग नाही, ती निघायच्या अर्धा-एक तास आधी, आणि कुठली घ्यायची ते घरूनच डॉक्टरला विचारून ठेवा. जेवण हलकं ठेवा, पण रिकाम्या पोटीही जाऊ नका, ते जास्त वाईट.

ज्याला गाडी लागते तो पुढे. यावर चर्चा नको. नजर लांब क्षितिजावर, फोनमध्ये अजिबात नाही. माझा मित्र मागच्या सीटवर बसून व्हिडिओ काढत होता, तिसऱ्या टेकाडावर गाडी तिरकी घसरली तसा फोन मांडीवर पडला आणि हा एकदम गप्प, कपाळावर घाम. "अरे, थांबव म्हण त्याला," एवढंच बोलला. ड्रायव्हर लगेच थांबला, त्यांना सवय असते, सांगायला लाजू नका. थांबल्यावर त्याला पुढे बसवला, मी मागे. पाठीचं, मानेचं, हृदयाचं दुखणं असेल किंवा बाई गरोदर असेल तर हा ड्यून बॅशिंगचा भाग सरळ सोडा.

क्वाड बाईक चालवताना हेल्मेट घाला, आणि टेकाडाच्या माथ्यावरून पलीकडे काय आहे ते न बघता उडी मारू नका, पलीकडे दुसरी बाईक असू शकते. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, म्हणजे तुम्ही एकदम तोंडावर पुढे जाता, तेव्हा मागे रेलून घट्ट धरा. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेला. काळी मेंदी लावून घेऊ नका, त्यातल्या केमिकलने कातडीला फोड येऊ शकतात. आणि तिथं अनोळखी माणसांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, कायदा कडक आहे.

निघायच्या आधी कॅम्पातच टॉयलेटला जाऊन या, वाटेत टायरमध्ये हवा भरायला गाडी परत थांबते त्यात वेळ जातो. हवा भरून झाल्यावर आता डांबरी रस्ता आहे म्हणून मी पुढची सीट मागितली. तो बेल्ट लावत म्हणाला, "राहू दे रे, मला आता इथली सवय झालीय."