उभ्या नसांचा चॉपिंग बोर्ड सपाट करताना

मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका नीट बघा. तो आडवा कापलेला असतो, म्हणजे लाकडाच्या नसांची तोंडं वर. सुरा बसला की नसा बाजूला सरकतात, तुटत नाहीत, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. ठोकळे चिकटवून तसेच बोर्ड आम्ही बेळगावात करतो. चोर्ला घाटाखालच्या गोव्यातून मागणी असते. नवी पोरं ठोकळे जुळवण्यात जीव ओततात, पण खरं काम क्लॅम्प, म्हणजे ठोकळे दाबून धरणारे शिकंजे, सोडल्यावर सुरू होतं. एखादा ठोकळा मिलिमीटरभर वर, शेजारचा तेवढाच खाली.

पहिली गोष्ट, असा बोर्ड थिकनेसरमध्ये, म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणाऱ्या रंधा यंत्रात, घालायचा नाही. पातं उभ्या नसांवर आदळतं, बाहेर पडणाऱ्या कडेला मागून आधार नसतो आणि तिथला तुकडा उडतो. कधी अख्खा बोर्ड फुटून माणसाच्या अंगावर येतो. काम लवकर उरकायला कुणी सांगितलं तरी नाही म्हणा.

चिकटवल्यावर एक दिवस थांबा. डिंकातल्या पाण्यानं सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. लगेच घासलंत तर ते सुकल्यावर प्रत्येक सांध्यावर खळगी दिसते. बाहेर आलेला डिंक आधी पटाशीनं खरवडून काढा, नाहीतर रंध्याची धार जाते.

मग बोर्ड सपाट टेबलावर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला तर पीळ आहे. दोन सरळ पट्ट्या समोरासमोरच्या कडांवर उभ्या ठेवा, खाली वाका आणि एक डोळा मिटून दोन्हींच्या वरच्या कडा जुळतात का बघा. उंच कोपरे पेन्सिलीनं रंगवा. जिथं बोर्ड अधांतरी आहे तिथं खेळायच्या पत्त्याचे तुकडे सारून तो पक्का बसवा. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, आणि घाई करणारी पोरं हेच टाळतात.

राऊटर, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं हातयंत्र, असेल तर दोन समांतर रुळांवर सरकणारी फळी करा, तिच्यावर राऊटर बसवा, रुंद सपाट बिट (पातं) लावा आणि एका वेळी मिलिमीटरभरच काढा. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या गेल्या की ती बाजू झाली. बोर्ड उलटवा. आता तो डुगडुगणार नाही.

राऊटर नसेल तर हातरंधा. आमचे मिस्त्री म्हणायचे, "अरे, कोरडं कशाला मारतोस? ओलं कर की आधी!" ओल्या फडक्यानं नसा मऊ पडतात. पातं केसाएवढंच बाहेर, धार दाढी करण्याजोगी, आणि रंधा तिरका धरून कडेकडून मध्याकडे. चारी कडा आधीच थोड्या मारून घेतल्या तर चिरफाळी निघत नाही.

पॉलिश पेपर ८० नंबरपासून १२०, १८०, २२०. उभ्या नसांवर ओरखडे फार दिसतात, म्हणून मधला नंबर गाळायचा नाही. नुसत्या सँडरवर, म्हणजे पॉलिश पेपर लावून घासणाऱ्या यंत्रावर, उंचसखलपणा घालवू नका. सागवानापेक्षा शिसवी कठीण, एकाच बोर्डात दोन्ही असली तर मऊ ठोकळा जास्त झिजतो आणि खड्डा पडतो. शेवटी पाणी मारा, उठलेले तंतू सुकल्यावर हलक्या हातानं घासा.

तेल खाण्यायोग्य मिनरल ऑइलच लावा. शेंगदाणा तेल खवट होतं. दोन्ही बाजूंना सारखंच मुरवायचं, कारण नसांच्या तोंडातून ओल झपाट्यानं आत शिरते. एकच बाजू तेलावलेली असेल तर चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी हवेत दुसरी बाजू फुगते आणि बोर्ड वाकतो.